बाह्यकजन्य मायोक्लोनस

बाह्यकजन्य मायोक्लोनस म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या थराला, म्हणजेच मस्तिष्क बाह्यकाला, इजा झाल्यामुळे किंवा त्याची उत्तेजनक्षमता अवाजवी वाढल्यामुळे स्नायूंना येणारे आकस्मिक, क्षणिक व अनैच्छिक झटके. हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांत आढळणारे लक्षण आहे. गोवरानंतर काही वर्षांनी होणारा मेंदूचा दाह, श्वास वा हृदयक्रिया काही मिनिटे थांबल्याने मेंदूला झालेली इजा, मेंदूतील क्षयाच्या किंवा फीतकृमीच्या गाठी, रक्तातील साखरेची बेसुमार वाढ, मूत्रपिंडे निकामी होणे आणि काही आनुवंशिक अपस्मार ही त्याची प्रमुख कारणे होत. झटका येत असताना रुग्ण बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो. या एका गोष्टीमुळे घरच्यांचा आणि पुष्कळदा पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरांचाही गोंधळ होतो.

== नाव व शब्दव्याप्ती ==

‘मायो’ म्हणजे स्नायू व ‘क्लोनस’ म्हणजे खळबळ, अशा दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले. जर्मन वैद्य निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८८१ मध्ये अशा झटक्यांच्या एका रुग्णाचे वर्णन केले, तेव्हापासून या संज्ञेचा इतिहास सुरू होतो. मराठीत तिला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘स्नायुझटके’ हा शब्द सोपा असला तरी त्यात पायात येणारा गोळा, पापणी लवणे व अपस्माराचा मोठा झटका हे सगळेच मिसळून जाते. अकोला-अमरावतीकडे म्हणजे वऱ्हाडात अपस्माराला ‘मिरगी’ म्हणतात, इतरत्र ‘फेफरे’, ‘आकडी’ किंवा सरळ ‘फीट’. बाह्यकजन्य मायोक्लोनस यांपैकी कशातच नेमका बसत नाही. म्हणून या लेखात मूळ संज्ञाच वापरली आहे.

मायोक्लोनस सर्वस्वी अनोळखी मात्र नाही. झोप लागता लागता अंग दचकते तो मायोक्लोनसच, आणि उचकी हा श्वासपटलाचा मायोक्लोनस. कोणीतरी आठवण काढल्याने उचकी लागते ही समजूत गोड आहे. तिने कोणाचे नुकसान झालेले नाही. हे प्रकार निरोगी माणसांत होतात व त्यांचा बाह्यकाच्या इजेशी संबंध नसतो.

== झटका कसा निर्माण होतो ==

मेंदूच्या दोन्ही गोलार्धांत मध्यवर्ती खाचेच्या पुढच्या बाजूला प्रेरक बाह्यकाची पट्टी असते. शरीराचा प्रत्येक भाग या पट्टीवर जणू नकाशासारखा मांडलेला असतो. मात्र हा नकाशा प्रमाणबद्ध नाही. ज्या अवयवांना बारीक काम करावे लागते त्यांना जास्त जागा मिळते. म्हणून हाताची बोटे, अंगठा, ओठ व जीभ यांनी पट्टीचा मोठा भाग व्यापलेला असतो, तर सबंध पाठीला थोडक्यात भागवावे लागते. बाह्यकजन्य झटके हातात व चेहऱ्यावर अधिक दिसतात, याचे कारण या वाटपात आहे.

बाह्यकाला उद्दीपित केल्यास विरुद्ध बाजूचे स्नायू हलतात, हे गुस्टाव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. त्याच काळात लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन निव्वळ रुग्णनिरीक्षणावरून त्याच निष्कर्षाकडे येत होते. अंगठ्यापासून सुरू झालेला झटका मनगट, कोपर, खांदा असा क्रमाने पुढे सरकतो हे त्यांनी पाहिले, आणि त्यावरून मेंदूतही या अवयवांची केंद्रे शेजारी शेजारी असली पाहिजेत असा तर्क केला. प्रयोगशाळेने त्या तर्काला पुढे पुष्टी दिली.

निरोगी बाह्यकात चेतापेशींना उत्तेजित करणारे व आवरणारे संदेश एकमेकांना तोलून धरतात. आवरण्याचे काम मुख्यत्वे ‘गाबा’ हे रसायन करते. इजा, दाह, प्राणवायूचा तुटवडा किंवा आनुवंशिक दोष यांमुळे हा लगाम सैल झाला की पेशींचा एखादा समूह एकाच क्षणी पेटून उठतो. ती लाट पिरॅमिडी मार्गाने मेरुरज्जूत उतरते आणि स्नायू आकुंचन पावतो. हे आकुंचन साधारणतः १० ते ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी वेळ टिकते. जाणूनबुजून कोणीही इतक्या थोड्या वेळाची हालचाल करू शकत नाही. ‘हा नाटक करतो’ या आरोपाला शरीरशास्त्राने दिलेले उत्तर एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

याची उलट बाजूही असते. कधी कधी स्नायू आकुंचन पावण्याऐवजी त्याचा ताण क्षणभर पूर्ण सुटतो. हात समोर धरल्यास पंजा पक्ष्याच्या पंखासारखा फडफडतो. उभे असताना हेच मांडीच्या स्नायूंत घडले तर गुडघा दुमडून माणूस कोसळतो. याला ऋण मायोक्लोनस म्हणतात. यकृत निकामी झालेल्या रुग्णांतील पंजाच्या अशा फडफडीचे वर्णन रेमंड ॲडम्स व जोसेफ फोली यांनी १९४९ मध्ये केले होते.

== लक्षणे ==

हालचाल करू पाहिली की झटका येणे ही या विकाराची मुख्य खूण होय. स्वस्थ बसलेल्या रुग्णाचा हात शांत असतो. पाण्याचा पेला उचलायला तो पुढे झाला की हात उसळतो आणि पाणी सांडते. घास तोंडाशी नेणे, शर्टाची गुंडी लावणे, सही करणे ही कामे सर्वांत आधी अवघड होतात. दुसरी खूण म्हणजे स्पर्शसंवेदनशीलता. बोटांना अचानक स्पर्श केला किंवा सांध्यावर हलकेच टिचकी मारली तरी झटका उमटतो. अनपेक्षित आवाजानेही काहींना झटके येतात, तथापि आवाजाने सर्वांग दचकणे हे मस्तिष्कस्कंधातून उद्भवणाऱ्या झटक्यांत अधिक आढळते.

झटके अनियमित असतात व शरीराच्या एका भागात किंवा आळीपाळीने अनेक भागांत येतात. ते अतिशय लहान व लागोपाठ आले तर कंपासारखे भासतात. असा ‘बाह्यक कंप’ व कंपवात यांची गल्लत होऊ शकते. कंपवातातला कंप विश्रांतीत वाढतो व हालचालीत कमी होतो. येथे नेमके उलटे घडते.

== कारणे ==

=== गोवर व एसएसपीई ===

भारतातील मुलांच्या संदर्भात हे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि टाळता येण्याजोगेही. गोवराचा विषाणू क्वचित शरीरातून पूर्णपणे जात नाही. तो बदललेल्या रूपात मेंदूत दडून राहतो. गोवर बरा झाल्यावर सामान्यतः ६ ते १० वर्षांनी, कधी त्याआधी वा नंतर, तो मेंदूचा हळूहळू पण अटळपणे नाश करू लागतो. या रोगाला ‘अनुतीव्र काठिन्यकारी सर्वमस्तिष्कशोथ’ असे भारदस्त नाव आहे. व्यवहारात डॉक्टर त्याला एसएसपीई म्हणतात. जेम्स डॉसन यांनी १९३३ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले.

सुरुवात इतकी अस्पष्ट असते की ती घरापेक्षा शाळेत आधी ध्यानात येते. बरे शिकणारे मूल मागे पडू लागते, अक्षर बिघडते, पाढे विसरते, चिडचिडे किंवा अबोल होते. दोष आळसावर, मोबाइलवर वा संगतीवर ढकलला जातो आणि काही महिने निघून जातात. त्यानंतर झटके सुरू होतात. दर काही सेकंदांनी मान खाली पडते, खांदे उसळतात किंवा चालता चालता गुडघे दुमडतात. हातातील पाटी-पुस्तक वारंवार पडणे किंवा रांगेत उभे असताना अकारण पडणे ही खूण शिक्षकांनी ओळखावी अशी आहे. हे झटके जवळजवळ घड्याळाच्या ठोक्यासारख्या ठरावीक अंतराने येतात, आणि मेंदूच्या विद्युत् आलेखातही त्याच अंतराने उंच लहरींचे पुंजके दिसतात. शुद्ध बाह्यकजन्य झटक्यांपेक्षा ते किंचित संथ असतात. बाह्यकाबरोबर मेंदूतील खोलवरची केंद्रेही त्यांत गुंतलेली असावीत असे अनेक तज्ज्ञ मानतात. पुढे बोलणे, चालणे व गिळणे जाते. बहुतेक मुले निदानानंतर काही वर्षांत दगावतात. आयसोप्रिनोसीन व इंटरफेरॉन यांनी काही रुग्णांत रोगाची गती मंदावते. खात्रीचा उपाय अद्याप नाही.

पूर्वी हा रोग लाखात एखाद्यालाच होतो असे मानत. कॅलिफोर्नियातील नोंदींवर आधारित व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा समज मोडीत काढला. पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या सुमारे १,४०० मुलांमागे एकाला, तर वर्षाच्या आत गोवर झालेल्या सुमारे ६०० मुलांमागे एकाला एसएसपीई झाल्याचे त्यात आढळले. तान्ह्या वयातील गोवर सर्वाधिक धोक्याचा ठरतो तो असा. लशीतील विषाणूमुळे हा रोग होतो ही समजूत निराधार आहे. रुग्णांच्या मेंदूत सापडलेले विषाणू रानटी गोवराचेच निघाले आहेत.

भारतात गोवराची लस १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आहे. पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयात व दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम राबवण्यात आली. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा मोठा उद्रेक झाला, आणि भिवंडी व मालेगाव येथेही तो पसरला. कोविडकाळात हुकलेल्या मात्रा हे त्याचे एक मुख्य कारण होते. अशा उद्रेकाचा खरा हिशेब त्याच वर्षी मिटत नाही, तो पुढच्या दशकात मेंदूविकाराच्या वॉर्डात होतो. गोवर म्हणजे ‘देवीची कृपा’ व ती आपोआप उतरते हा समज ग्रामीण भागात अजून पुरता गेलेला नाही, म्हणून ही बाब येथे विस्ताराने दिली आहे.

=== प्राणवायूच्या अभावानंतर ===

हृदय बंद पडणे, पाण्यात बुडणे, विजेचा जोरदार धक्का, दम्याचा तीव्र झटका किंवा मण्यारीच्या दंशानंतर श्वसनाचे स्नायू लुळे पडणे अशा प्रसंगी मेंदूला काही मिनिटे प्राणवायू मिळत नाही. रुग्ण वाचतो, दिवसांनी शुद्धीवर येतो, बुद्धीही बहुतांशी शाबूत असते. पण काही करायला गेला की हातपाय उसळतात. जेम्स लान्स आणि रेमंड ॲडम्स यांनी १९६३ मध्ये अशा चार रुग्णांचे वर्णन केले. त्यावरून या अवस्थेला लान्स-ॲडम्स लक्षणसमूह म्हणतात. योग्य औषधांनी व चिकाटीने केलेल्या व्यायामोपचारांनी त्यात महिनोन्‌महिने सुधारणा होत राहते.

खोल बेशुद्धीत, पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांगाला सतत येणारे झटके ही वेगळी व पुष्कळदा गंभीर अवस्था आहे. दोन्हींना एकच समजून नातेवाइकांनी पहिल्या प्रकारच्या रुग्णाचीही आशा सोडावी, असे प्रसंग घडतात. ते घडू नयेत.

=== सततचा आंशिक अपस्मार ===

बाह्यकाच्या एखाद्या छोट्या भागात जखम, गाठ किंवा दाह असल्यास शरीराच्या तेवढ्याच भागात, उदाहरणार्थ फक्त अंगठ्यात वा ओठाच्या कोपऱ्यात, तासन्‌तास व कधी महिनोन्‌महिने झटके येत राहतात. मॉस्कोचे अलेक्सेई कोझेव्हनिकोव्ह यांनी १८९० च्या दशकात या प्रकाराचे वर्णन केले. त्यांच्या पाहण्यातील रुग्णांत या झटक्यांचे मूळ गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूदाहात असावे, असे पुढे मानले गेले.

या रशियन रोगाची महाराष्ट्राशी एक आडवाटेची ओळख आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) त्या विषाणूचा शोध लावला. तो रशियन मेंदूदाहाच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. ‘माकडताप’ या नावाने तो आज सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरातही परिचित आहे. माकडतापात मुख्यतः ताप व रक्तस्राव होतो; मेंदूची लक्षणे काही रुग्णांतच दिसतात.

भारतात सततच्या आंशिक अपस्माराची नेहमीची कारणे वेगळी आहेत. क्षयाच्या गाठी, फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी, जुना पक्षाघात आणि रक्तातील साखर फार वाढणे ही त्यांतील प्रमुख. शेवटचे कारण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. उतारवयातील व्यक्तीचा एकच हात वा चेहऱ्याची एकच बाजू अचानक सारखी उडू लागली तर बोटातील थेंबभर रक्त तपासून साखर पाहावी. साखर आटोक्यात आली की पुष्कळदा झटके थांबतात. नुसत्या अपस्माराच्या गोळ्यांनी येथे फारसा उपयोग होत नाही, आणि फेनिटॉइनने तर साखर आणखी वाढू शकते.

=== मूत्रपिंडविकार व औषधे ===

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूजल खारे आहे. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्याचा काही भाग त्यात येतो. येथील खारे पाणी व मूत्रपिंडविकार यांच्या संबंधाचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे मेंदूची उत्तेजनक्षमता वाढते आणि अंगभर विखुरलेले झटके व पंजांची फडफड सुरू होते. यातले काही झटके बाह्यकातून, तर काही मस्तिष्कस्कंधातून येतात. डायलिसिसने ते सामान्यतः कमी होतात.

अशा रुग्णांत औषधांचाही हात असू शकतो. पायांची आग व मुंग्या यांसाठी सर्रास दिली जाणारी गाबापेंटिन व प्रीगाबालिन ही औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे दुबळी असताना ती शरीरात साठतात व स्वतःच झटके आणतात. रुग्णाने सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र दाखवणे म्हणूनच गरजेचे असते.

=== आनुवंशिक प्रकार ===

हाइनरिख उन्व्हेररिष्ट यांनी १८९१ मध्ये व हेर्मान लुंडबोर्ग यांनी त्यानंतर वर्णिलेला वर्धिष्णू मायोक्लोनिक अपस्मार, तसेच गोंझालो लाफोरा यांनी १९११ मध्ये ज्याचे सूक्ष्म अवशेष शोधले तो लाफोरा रोग, हे यातील प्रमुख होत. दोन्ही अप्रकट जनुकांमुळे होतात. त्यामुळे नात्यातील विवाहांच्या कुटुंबांत त्यांची शक्यता वाढते.

== फवारणीच्या विषबाधेतील स्नायुस्फुरण ==

कापसाच्या पट्ट्यात हा भेद महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण मरण पावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत त्वचेखाली स्नायू अळ्या वळवळल्यासारखे थरथरतात. हे स्फुरण बाह्यकातून येत नाही. चेतातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर एक रसायन साचल्याने ते घडते. सोबत घाम, लाळ, आकुंचित बाहुल्या व धाप असते. असे दिसल्यास मेंदूच्या तपासण्यांची वाट न पाहता रुग्णाचे कपडे बदलावेत, अंग धुवावे व त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. वापरलेल्या औषधाचा डबाही सोबत न्यावा.

== निदान ==

निदानाचा पाया अजूनही बारकाईने विचारलेली हकीकत हाच आहे. झटक्याचे मोबाइलवर घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण डॉक्टरांना पुष्कळदा पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगून जाते.

बाह्यकाचा सहभाग सिद्ध करण्यासाठी तीन विद्युत् तपासण्या आहेत. पहिलीत मनगटाच्या चेतातंतूला सौम्य विद्युत् उद्दीपन देऊन मेंदूतील प्रतिसाद मोजतात. या विकारात तो अनेक पटींनी मोठा येतो. इंग्लंडमधील जॉर्ज डॉसन यांनी १९४७ मध्ये असे महाकाय प्रतिसाद नोंदवले (एसएसपीईचे डॉसन निराळे). दुसरी युक्ती जपानमधील हिरोशी शिबासाकी व योशिगोरो कुरोइवा यांनी १९७५ मध्ये मांडली. एका झटक्याच्या वेळी मेंदूच्या आलेखात काही दिसत नाही, कारण क्षीण लहर इतर गोंगाटात बुडते. शेकडो झटक्यांच्या अगोदरचे आलेख एकमेकांवर ठेवून सरासरी काढली की गोंगाट विरतो आणि हाताच्या झटक्याआधी सुमारे २० मिलिसेकंद उमटलेली बाह्यकाची लहर स्पष्ट होते. मेंदूपासून हातापर्यंत संदेश पोचायला लागणारा वेळ जवळपास एवढाच आहे. तिसऱ्या तपासणीत उद्दीपनानंतर काही क्षणांनी स्नायूत उमटणारी जास्तीची प्रतिक्षिप्त क्रिया नोंदवतात.

या तपासण्या सर्वत्र होत नाहीत. साधा विद्युत् आलेख, एमआरआय, रक्तातील साखर, क्षार व क्रिएटिनिन, आणि मुलांत एसएसपीईचा संशय असल्यास पाठीच्या कण्यातील द्रवातील गोवर-प्रतिपिंडे यांवर बहुतेक निदान होते. बाळापूरच्या रुग्णाला त्यासाठी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे (स्थापना २००२) व गरज पडल्यास नागपूरला जावे लागते. शाळकरी मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकाकडून होते. झटके येणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकांनी पथकाला सांगितल्यास पुढील तपासणीचा मार्ग त्यातून खुला होतो.

== उपचार ==

मूळ कारण दूर होण्यासारखे असेल तर ते प्रथम दूर करतात. झटक्यांसाठी लेव्हेटिरासेटॅम, सोडियम व्हॅल्प्रोएट, क्लोनाझेपाम व पिरासेटॅम ही औषधे वापरतात. एकाने भागले नाही तर दोन-तीन एकत्र द्यावी लागतात. गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांना व्हॅल्प्रोएट शक्यतो देत नाहीत, कारण त्याने गर्भाला अपाय होतो. अपस्माराची सगळीच औषधे येथे चालत नाहीत. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व लॅमोट्रिजिन यांनी काही प्रकारांत झटके वाढतात, त्यामुळे ‘फिटची गोळी’ म्हणून शेजाऱ्याची गोळी घेणे घातक ठरते. चालू औषध एकाएकी बंद केल्यास झटक्यांची साखळी लागू शकते.

झटका येत असताना हातपाय दाबून धरू नयेत. कांदा वा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही. रुग्णाजवळून गरम चहा, चूल व धारदार वस्तू दूर कराव्यात. जड बुडाचा पेला, झाकणाचे भांडे, रुंद मुठीचा चमचा आणि न्हाणीघरात धरायला दांडी अशा साध्या सोयींनी रुग्णाचे परावलंबित्व बरेच कमी होते.

== सामाजिक व कायदेशीर बाजू ==

शुद्धीवर असलेल्या माणसाचे अंग त्याच्या मर्जीविरुद्ध उडते हे दृश्य ‘बाहेरची बाधा’ या कल्पनेला सोयीचे पडते. रुग्णाला आधी मांत्रिकाकडे नेले जाते आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, साखळीने बांधणे, चटके देणे ही कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहेत. नवस बोलणे किंवा प्रार्थना करणे यांना या कायद्याची आडकाठी नाही.

विवाहाच्या बाबतीत जुना कायदा कठोर होता. हिंदू विवाह कायद्यानुसार अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीचा विवाह रद्द ठरवता येत असे. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्माराचा तो उल्लेख वगळण्यात आला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘दीर्घकालीन चेतासंस्थेचे विकार’ हा वर्ग समाविष्ट आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय वैद्यकीय मंडळ देते. मंडळासमोर जाताना रुग्णाने औषधाच्या चिठ्ठ्यांबरोबर झटक्यांचे चित्रीकरणही न्यावे, कारण स्वस्थ बसलेल्या अवस्थेत तपासणाऱ्यांना काहीच दिसत नाही, असे या विकारात वारंवार घडते.